कवळीबहाद्दरांनी धूर आणि कॉफी यांजवर केलेल्या स्वारीची हकीकत

ऐकणारांनी चित्त सावध करावे. मागे जे बखरनवीस होवोन गेले त्यांणी किल्ले पडले ते लिहिले, तख्ते बुडाली ते लिहिले, हत्ती उधळले तेही सोडले नाही. परंतु कोणी एक मनुष्य सिगारेटीच्या दुकानासमोर उभा राहिला, खिशात हात घातला, आणि तो तसाच रिकामा बाहेर काढोन घरी आला, ऐसी हकीकत एकाही दप्तरी सापडत नाही. ते काम ह्या लेखणीने शिरावर घेतले आहे. यात पदरचे काही घातले नाही, आणि जेथे महाराजांची फजिती जाहली तेथे फजितीच लिहिली. कारण बखरनवीस खाल्ल्या मिठाला जागतो, परंतु मीठ जास्त पडले असता तेही सांगतो.

श्रीमंत कवळीबहाद्दर महाराज हे दातांच्या कारखान्यातील थोरले कारागीर. मुलुखातील दंतवैद्य लोकांच्या तोंडांची मापे ह्या कारखान्यात धाडीत आणि येथोन कवळ्या तयार होवोन जात. कारखान्यात मेजे सहा, त्यांत खिडकीपाशी जे मेज, जेथे उजेड सरळ पडतो, ते तख्त. तेथे बसोन, डावे हाती पितळी जबडा, उजवे हाती सुरी आणि शेजारी स्पिरिटचा दिवा ऐशा थाटाने मेणाच्या हिरडीत एकेक दात मांडावा, हा मान सव्वीस वर्षे महाराजांकडे होता. मागील अंगास प्लॅस्टर ओतावयाची कोंदट खोली होती, तीस कारखान्यात काळे पाणी म्हणत. ज्याचा हात गेला त्याची रवानगी तिकडे होई, आणि तिकडोन परत आलेला कोणी कोणास ठाऊक नव्हता.

ऐशा राज्याला दोन भुंगे लागले. एक धूरपादशहा, जो पाकिटात राहतो, आणि दुसरी काळीसरकार, जी कपात राहते. या दोघांचा आपसांत तह होता. सकाळी काळीसरकारने महाराजांचे डोळे उघडावे, मग डोळे उघडले म्हणोन हात भलताच धावू लागावा, मग तो धरावयास धूरपादशहाने यावे, मग धुराने घसा सुकावा, आणि घसा ओला करावयास पुन्हा काळीसरकारने स्वारी करावी. ऐसे करिता करिता दिवसाचे अकरा कप आणि बावीस सिगारेटी ही खंडणी बसली. सिगारेट नेहमी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात, कारण दोन्ही हात कामात. महाराज म्हणत की हे दोघे आमचे चाकर आहेत. चाकर तिकडे हसत असतील.

मग व्हायचे तेच जाहले. हात थरथरू लागला. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा सुळा उलटा बसला, आणि गृहस्थ जेवावयास तोंड उघडीत तर समोरचा माणूस पंगतीतून उठे. कवळी परत आली. त्यावर दुसरी परत आली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, कप मोजले, सिगारेटी मोजल्या, आणि हाताचा रोग हातात नसोन ह्या दोहोंत आहे ऐसा निवाडा दिला. कारखान्याचे धनी वयाने लहान; त्यांस सुरी धरावयास महाराजांनीच शिकविले होते. त्यांणी नजर मेजाच्या कडेकडे ठेवोन हुकूम फर्माविला जे, चाळीस दिवसांत एक अख्खी कवळी, वरची आणि खालची, दुसऱ्याचा हात न लागता करोन द्यावी. बिनतक्रार बसली तर खिडकीचे मेज तुमचे, ना बसली तर प्लॅस्टरच्या खोलीत जागा केली आहे.

आता ती कवळी कोणाची, हे सांगितले पाहिजे. ती खासा सासूबाईसाहेबांची.

सासूबाईसाहेब महाराजांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. चार महिन्यांमागे त्यांचे उरलेसुरले दात काढले, आणि बोळक्या तोंडातून शब्द घसरू लागले. एकदा त्या जिन्यात कोणास रागे भरल्या आणि तो मनुष्य हसला. ते समयी बाईसाहेबांनी पण केला की पुरते दात बसल्याशिवाय एक अक्षर बोलणार नाही. तेव्हापासोन सर्व कारभार चिठ्ठ्यांवर चाले. भाजीत मीठ कमी, खलिता. दूध नासले, खलिता. आणि दात कोणाकडे करावयाचे असे विचारता सुवाच्य अक्षरात खलिता आला तो येणेप्रमाणे: "जावईबापूच करतील. नाहीतर मी अशीच बरी."

येथे एक नाजूक मजकूर लिहिणे भाग आहे. सासूबाईसाहेबांची जीभ ही मुलुखमैदान तोफ. तिचा मारा सव्वीस वर्षे महाराजांवर जाहला होता, आणि मागील चार महिने ती थंड असल्याने महाराज फार सुखात होते, अंगानेही भरले होते. आता आपुल्या हाताने दात करोन त्या तोफेला बत्ती द्यावयाची, आणि न द्यावी तर तख्त जाते. इकडे आड, तिकडे विहीर. महाराजांनी आड पत्करला. आणि खरे लिहावयाचे तर, बाईसाहेब चिठ्ठी देताना मान खाली घालीत, ते महाराजांस पाहवत नसे. ही गोष्ट त्यांणी कोणापाशी बोलून दाखविली नाही.

मसलत स्वयंपाकघरात भरली. महाराणीसाहेब कणीक मळीत होत्या. त्यांचा सल्ला पडला जे, "अहो, आधी एक सोडा, मग दुसरं. दोन्ही एकदम सोडलंत तर या घरात मी राहायचं कुठे?" सल्ला लाखमोलाचा होता, म्हणोन महाराजांनी तो मानला नाही. दोन्ही गनिमांवर एकाच सोमवारी सकाळी सात वाजता चाल करावी ऐसे ठरले. पाकिटे केराच्या टोपलीत गेली, कॉफीचा डबा शेजारी दिला, आणि महाराज रिकामा कप हाती घेवोन बाल्कनीत उभे राहिले.

पहिला दिवस महाराजांचा गेला. सायंकाळी ते म्हणो लागले की, यात काय मोठेसे. दुसरे दिवशी काळीसरकारची फौज कपाळात उतरली आणि तिने दोन्ही कानशिलांवर नगारे लाविले. महाराज पडदे ओढोन निजले, उठले, पुन्हा निजले, जेवता जेवता पेंगले, आणि कारखान्यात एका दाढेशी तासभर नजरानजर करोन बसले. तिसरे दिवशी धूरपादशहाची पायदळ फौज छातीतून निघोन बोटांत आली, आणि मग महाराजांचे रागास पारावार राहिला नाही. ते नळावर खेकसले, कारण तो ठिबकत होता. पंख्यावर खेकसले, कारण तो फिरत होता. महाराणीसाहेबांनी कपात चमचा ढवळला तो मोठ्याने ढवळला, आणि दुसरे दिवशी ढवळला नाही तो मुद्दाम ढवळला नाही, ऐसे दोन्ही आरोप त्यांजवर ठेविले. महाराणीसाहेबांनी त्या दिवसापासोन साखर बोटाने विरघळवावी ऐसा शिरस्ता पाडला.

मदतीस गाजरांची पलटण बोलाविली. लांब चिरलेली गाजरे डब्यात भरोन महाराज कामास नेत, आणि ऐन अकराच्या सुटीत एक काढोन दोन बोटांत धरीत. एकदा तर गाजराची राख झटकताना त्यांस सर्वांनी पाहिले. गाजरे संपत, तेव्हा कारखान्यातील जे कोरे गुलाबी मेण, त्याची पट्टी मोडोन दाढेखाली धरीत. मेणास चव नाही, परंतु ते भांडत नाही.

प्लॅस्टरच्या खोलीचा जो ठाणेदार, त्यास प्लॅस्टरबहाद्दर म्हणत. पापण्यांपासोन चपलांपर्यंत पांढरा, मनाने मायाळू, आणि धूरपादशहाचा जुना वकील. वीस वर्षे अकरा वाजता आणि चार वाजता मागील दारी दोघे मिळोन ओढीत आले होते. आता एकट्याने ओढावयाचे म्हणजे त्या बिचाऱ्यास पोरके वाटे. तो रोज दाराच्या फटीतून पाकीट पुढे करोन म्हणे, "दादा, एकच झुरका. कुणाला कळतंय?" महाराज म्हणत, "मला." दिवस असे आठ गेले.

नवव्या दिवशी घात जाहला. तो समजण्यास कारखान्याची रीत समजली पाहिजे. कवळी करावयाची तर दंतवैद्य रोग्याच्या तोंडात मऊ मेणाची जाड पट्टी ठेवितात आणि म्हणतात, चावा. बोळक्या हिरड्या त्या मेणात रुततात. त्या चाव्यावरोन कळते की वरचा जबडा खालच्या जबड्यास कोठे भेटतो, आणि त्याप्रमाणे पितळी जबडा बसवोन त्यावर दात मांडितात. चावा चुकला तर सर्व चुकले. दंतवैद्यबाईंनी सासूबाईसाहेबांचा चावा घेतला, डबीत घालोन धाडला, आणि डबी महाराजांच्या मेजावर उघडी होती. शेजारी चघळावयाचे कोरे मेण होते. रंग एक, जाडी एक. महाराजांचे कपाळ ठणकत होते, डोळे मेणबत्तीच्या ज्योतीसारखे हलत होते, आणि मागील दारातून धुराची एक झुळूक आली. हात पुढे गेला, पट्टी अख्खी तोंडात गेली, आणि महाराजांनी डोळे मिटोन सासूबाईसाहेबांचा चावा चावला.

झुळूक ओसरली तेव्हा पट्टी काढोन, पुसोन, महाराजांनी ती डबीत ठेविली. दुपारी तीच डबी घेतली आणि पितळी जबडा तीवर बेतला. ज्या बाईच्या तोंडी एक दात नाही तिच्या मेणावर वर खाली मिळोन अठ्ठावीस दातांचे ठसे स्पष्ट उमटले होते. आणि ज्याने सव्वीस वर्षे ठशांवर पोट भरले त्यास ते दिसले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढे दोन आठवडे महाराज दात मांडीत होते. नगारे हळूहळू थांबले, झोप येवो लागली, आणि बाविसाव्या दिवशी सुरी हाती घेता ती हलली नाही. महाराजांनी ती उजेडात धरोन पाहिली, पुन्हा पाहिली, आणि धन्यास हाक मारोन दाखविली. धनी हसले. त्या दिवशी महाराजांचे पाय जमिनीस लागत नव्हते, आणि घरी येवोन ते महाराणीसाहेबांवर फक्त एकदाच खेकसले.

चोविसाव्या दिवशी दंतवैद्यबाईंच्या खोलीत मेणावर मांडलेले दात तोंडी लावोन पाहण्याचा दरबार भरला. खुर्चीवर सासूबाईसाहेब, उशाशी महाराणीसाहेब, दारापाशी धनी, आणि मध्ये छाती काढोन महाराज. दंतवैद्यबाईंनी दात बसविले आणि म्हणाल्या, "आता हळूच चावा." बाईसाहेबांनी चावले. वरची फळी समोर पाहो लागली आणि खालची फळी अर्धा दात डावीकडे सरकोन उभी राहिली, आणि बाईसाहेबांच्या मुखावर ऐसे कुत्सित हास्य पसरले की महाराणीसाहेबांनी तोंड फिरविले. दात काढिले. पुन्हा बसविले. हास्य तेथेच. धनी आपले नख पाहो लागले.

सासूबाईसाहेबांनी हात पुढे केला. दातांसोबत आलेली मेणाची डबी मागितली, चष्मा चढविला, पट्टी खिडकीकडे धरोन बराच वेळ निरखिली, मग चिठ्ठी लिहिली आणि ती महाराजांस न देता दंतवैद्यबाईंस दिली. बाईंनी ती मोठ्याने वाचली: "मला एकही दात नाही. मग हे ठसे कोणाचे?" मग सासूबाईसाहेबांनी चिठ्ठी परत घेवोन खाली आणखी एक ओळ घातली: "डाव्या बाजूला ओढ आहे. सिगारेट तिकडे धरतात ते मी सव्वीस वर्षं बघतेय."

महाराज तेथोन निघाले ते कारखान्याच्या मागील दारी आले. प्लॅस्टरबहाद्दर उभाच होता. त्यास वर्तमान आधीच कळले होते, आणि त्याने दुःखाने व काही अंशी आनंदाने, कारण आता दादा आपल्याच खोलीत येणार, एक वाफाळता कप कट्ट्यावर मांडला आणि एक सिगारेट पेटवोन महाराजांच्या हाती दिली. म्हणाला, "घ्या दादा. आता काय राहिलंय?" प्रश्न खरा होता. तख्त गेल्यात जमा, आब्रू गेली, चोवीस दिवस गेले. कॉफीचा वास नाकात गेला आणि महाराजांचे डोळे भरोन आले, हे लिहिण्यास बखरनविसास लाज वाटत नाही. ज्याने कधी काही सोडले आहे तो हसणार नाही.

महाराजांनी सिगारेट वर नेली. ती ओठांपर्यंत येण्याआधीच खालचा जबडा आपण होवोन डावीकडे सरकला आणि तिला जागा करोन दिली. कोणी सांगितले नाही, कोणी हलविला नाही. महाराज तसेच थांबले. मघा खुर्चीत सासूबाईसाहेबांच्या तोंडावर जे कुत्सित हास्य होते, ते आता त्यांस आपुल्या तोंडात लागले, आत, हाडाशी. मग त्यांणी जबडा मोठ्या कष्टाने मध्यावर आणिला, सिगारेट प्लॅस्टरबहाद्दराच्या बोटांत परत दिली, कप उचलोन मोरीत ओतला, आणि ठाणेदारास विचारले, "तुझ्याकडे कागद आहे का?" कागद पांढरा होता, त्यावर प्लॅस्टरही पांढरे होते. त्यावर महाराजांनी आयुष्यातील पहिला अर्ज सासूबाईसाहेबांच्या सेवेशी लिहिला: "आई, मेण मी चावलं. चुकून. पुन्हा एकदा चावाल का?"

उत्तर दुसरे दिवशी आले. "चावीन. पण या वेळी मेण माझ्या पर्समध्ये राहील."

आणि तैसेच जाहले. नवा चावा घेतला, आणि डबी पर्समध्ये घालोन बाईसाहेब खासा कारखान्यात दाखल जाहल्या, आणि खिडकीच्या मेजासमोर स्टूल टाकोन किल्लेदारीण बनोन बसल्या. जबडा बेतावयाच्या वेळी पर्स उघडली, काम होताच मिटली. महाराजांचा हात गाजराच्या डब्याकडे गेला तरी त्या नजरेने विचारीत की हे काय आहे. अकरा वाजता प्लॅस्टरबहाद्दराने फटीतून पाकीट पुढे केले, आणि समोर बाईसाहेब पाहोन ते असे मागे घेतले की दाराची फट पुन्हा चार दिवस उघडली नाही. दिवसचे दिवस दोघे समोरासमोर, एक बोलत नाही आणि दुसरा बोलो धजत नाही. ह्या कारखान्यात इतके नेटके काम पूर्वी जाहले नव्हते.

दात मांडता मांडता महाराज वरच्या उजव्या अंगाच्या दुसऱ्या दातापाशी आले आणि थांबले. पुस्तकात तो दात सरळ मांडावा ऐसे आहे. महाराजांनी तो किंचित वळवोन शेजारच्यावर चढविला. सासूबाईसाहेब पुढे वाकल्या, पाहिले, आणि बोटाने त्या दातास हळूच शिवल्या. त्यांचा तो दात तैसाच होता. नमुना कोठे नव्हता, छबीत त्या कधी तोंड उघडीत नसत. परंतु सव्वीस वर्षे ज्या मुखातून बोलणी खाल्ली त्याचा नकाशा महाराजांस पाठ होता. बाईसाहेबांनी चिठ्ठी लिहावयास पेन काढिले आणि काही न लिहिता परत ठेविले.

एकोणचाळिसावे दिवशी, चाळीस पुरे होण्यास एक शिल्लक असता, सकाळी सव्वाअकरा वाजता तोच दरबार पुन्हा भरला. कवळी आता पक्की, घोटोन चकचकीत केलेली. दंतवैद्यबाईंनी वरची बसविली, खालची बसविली, आणि म्हणाल्या, "चावा." टक् ऐसा आवाज जाहला, एकच, स्वच्छ. चाव्याच्या खुणा उमटविणारा निळा कागद दातांत घालोन पाहिला, दोन्ही अंगांस खुणा सारख्या. धन्यांनी महाराजांचा हात हाती घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. खिडकीचे मेज तेथेच कायम जाहले. महाराजांनी छाती काढली आणि आता बाईसाहेब काय बोलतात, प्रथम आभार मानितात की प्रथम कौतुक करितात, ह्या विचारात किंचित मान लववोन उभे राहिले.

बाईसाहेबांनी जीभ सर्व दातांवरोन फिरविली, ओठ मिटले, उघडले. पाच महिने आणि काही दिवस खोलीत तुंबले होते. त्या आधी लेकीकडे वळल्या.

"किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. एकही अक्षर घसरले नाही.

महाराणीसाहेब रडो लागल्या. आजवर त्यांस हे कोणी विचारले नव्हते, आणि ह्या बखरीनेही गाजरे मोजली, कप मोजले, परंतु त्यांची खबर घेतली नाही, हा दोष बखरनवीस आपुल्या माथी घेतो.

मग बाईसाहेब जावयाकडे वळल्या. "जावईबापू, कवळी छान झालीय. सिगारेट सोडलीत, कॉफी सोडलीत, तेही चांगलं केलंत. पण चाळीस दिवस हिच्यावर खेकसलात. मी खालच्या मजल्यावर आहे, बहिरी नाही. तोंडात दात नव्हते म्हणून गप्प बसले. आता माफी मागा."

दंतवैद्यबाई हत्यारे पुसो लागल्या. धनी दारातील पायपुसणे पाहो लागले. महाराज उभे होते. नगाऱ्यांस ते पुरोन उरले, मागील दारातून परत आले, परंतु ह्या ठिकाणी त्यांची पावले अडली. अकरा कप एका अंगास आणि हे दोन शब्द दुसऱ्या अंगास, ऐसे वजन होते. मग ते महाराणीसाहेबांजवळ गेले आणि हळू, परंतु सर्वांस ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "चुकलं माझं."

"आणखी?" सासूबाईसाहेबांनी विचारले.

"संध्याकाळी कॉफी... म्हणजे गरम पाणी मी करीन. चमचा हवा तेवढा वाजव."

महाराणीसाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला कॉफी हवी. मी कुठे सोडलीय? चाळीस दिवस शेजारी जाऊन पीत होते." हे ऐकोन बाईसाहेब हसल्या, आणि हसता हसता कवळी जागची हलली नाही, हे दंतवैद्यबाईंनी आपुल्या कागदावर नोंदविले.

सबब हुजूर दप्तरी लिहोन ठेविले जे: धूरपादशहा आणि काळीसरकार या दोहोंस मुलुखाबाहेर घातले, खिडकीचे तख्त राखिले, सासूबाईसाहेबांची तोफ सव्वीस वर्षांपूर्वीच्या जागी पुन्हा चढली आणि पहिला गोळा बरोबर पडला. महाराजांनी त्याच दिवशी सायंकाळी शेजारी जावोन कॉफीचा डबा परत मागोन आणिला, आपुल्या हाताने एक कप केला, स्वतः थेंब घेतला नाही, आणि महाराणीसाहेबांपुढे ठेवोन त्या पिईपर्यंत समोर बसोन राहिले. फत्ते ती ही. मागील सर्व तिची तयारी होती.